थांबला, म्हणजे काहीतरी भानगड आहे

माझा उभा जन्म दुसऱ्यांच्या डाव्या हाताला बसण्यात गेला. नगरला एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी मास्तर होतो. गाडी शिकणारा माणूस पहिले चार दिवस गप्प असतो. पाचव्या दिवशी त्याला गिअर सापडतो आणि तोंडही सुटतं. मग तो घरच्या भानगडी सांगतो, ऑफिसच्या सांगतो, आणि सांगता सांगता गाडी एखाद्या हातगाडीवर घालतो. अशाने किस्से साठतातच, मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत.

परवा चौकात एक जण मला आधी जाऊ द्यायला थांबला, तर मी आधी त्याच्या गाडीचा नंबर बघून ठेवला. बायको म्हणाली, "अहो, सभ्य माणूस आहे!" असेलही. पण माझं सगळं शिक्षण सुभेदारांच्या हाताखाली झालेलं, त्याला मी काय करू?

सुभेदार म्हणजे आमच्या स्कूलचे मालक. फौजेत वीस वर्षं ट्रक चालवून रिटायर झालेले. नगरला येऊन त्यांनी एक जुनी अँबॅसेडर घेतली, तिला डाव्या बाजूला जादा क्लच-ब्रेक बसवून घेतला, तिथे मला बसवलं आणि पाटी लावली.

त्यांचा पहिला धडा गाडीत नसायचाच. नव्या शिकाऊ माणसाला ते माळीवाड्याच्या चौकात फुटपाथवर उभं करायचे आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे बोट दाखवायचे.

"तो सायकलवाला. काय करणार तो?"

"उजवीकडे वळणार, सर."

"कशावरून?"

"उजवा हात दाखवतोय."

"चूक! तो समोरच्या पानवाल्याला हात करतोय. वळणार तो डावीकडे!"

आणि सायकलवाला खरोखरच डावीकडे वळायचा. शिकाऊ माणूस हबकून सुभेदारांकडे बघत राहायचा. मग सुभेदार मिशीवरून हात फिरवून सांगायचे, "रस्त्यावर दिसेल तो माणूस आज तुम्हालाच ठोकायला घरातून निघालाय, असं धरून चालायचं. संध्याकाळी घरी पोचलात की त्याला मनातल्या मनात माफ करायचं!"

* * *

बाहत्तर साल असेल. नागापूरकडे कारखाने उभे राहायला लागले होते आणि नगरच्या रस्त्यावर भलतीसलती वाहनं दिसायला लागली होती. पूर्वी टांगे, सायकली, बैलगाड्या आणि मिलिटरीचे ट्रक, एवढाच कारभार होता. सगळे एकमेकांना ओळखून होते. आता मुंबईपुण्याचे साहेब फियाट घेऊन आले, ऑटोरिक्षा आल्या, टेम्पो आले. कोण कुठल्या गावच्या रीतीने गाडी हाकेल याचा काही नेम राहिला नाही.

अशाच एका कारखान्यात मुंबईहून एक तरुण इंजिनिअर आला. पहिल्याच आठवड्यात दिल्ली दरवाजापाशी त्याच्या फियाटसमोर एक म्हातारी रस्ता ओलांडायला उभी राहिली. याने सभ्यपणाने गाडी थांबवली आणि हाताने खूण केली, या.

म्हातारी जागची हलेना. तिच्या साठ वर्षांत तिच्यासाठी मोटार कधी थांबली नव्हती. ती म्हणाली, "तू जा."

हा म्हणाला, "नाही आजी, आधी तुम्ही."

"का रं? काय पाहिजेल तुला?"

"काही नको, आजी. तुम्ही जा."

"मी जाती आन् तू मागनं घालतोस व्हय गाडी अंगावर? मला काय येडी समजतो?"

तोवर दहा-बारा माणसं जमली. पोलीसही आला. त्याने इंजिनिअरला विचारलं, "गाडी बंद पडली काय?"

"नाही."

"मग थांबलात कशाला?"

"या बाईंना जाऊ द्यायला."

"या तुमच्या कोण?"

"कुणी नाही."

"कुणी नाहीत, तरी थांबलात?" पोलिसाने वही काढली. "जरा कागदपत्रं दाखवा बरं!"

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी आमच्या स्कूलमध्ये हजर. खिशातून मुंबईचं लायसन काढून त्याने टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "गाडी मला येते. नगरमध्ये कशी चालवायची, तेवढं शिकवा."

* * *

संशयात सुभेदारांना भारी पडलेला एकच विद्यार्थी मी पाहिला. ते एक वकील होते. फौजदारी खटले चालवून चालवून त्यांचा आरशावरही विश्वास उरला नव्हता.

मी म्हणायचो, "वकीलसाहेब, वळायच्या आधी आरशात बघा."

"बघितलं. मागे एक ट्रक दिसतोय."

"मग त्याला जाऊ द्या."

"पण मास्तर, आरशात दिसतो म्हणजे तो खरंच आहे कशावरून? मी स्वतः पाहिलेला नाही!"

असं म्हणून ते भर रस्त्यात गाडी थांबवायचे, खाली उतरायचे, मागे जाऊन ट्रक बघून यायचे. ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून हैराण. हे परत येऊन सीटवर बसत समाधानाने सांगायचे, "आहे. खरंच आहे."

लायसन त्यांना पहिल्या फटक्यात मिळालं. एवढा सावध माणूस इन्स्पेक्टरनेही पाहिला नव्हता. त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली, अंगणात उभी केली आणि शेवटपर्यंत कोर्टात चालत गेले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, आपली चूक होणार नाही हो. पण बाकीच्या नगरची हमी कोण देणार?" वकिलीणबाई गाडीच्या टपावर पापड वाळत घालायच्या.

* * *

आणि मग आमच्याकडे किसन आला.

किसन शेवगावकडचा, बैलगाडी हाकणारा. दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर बायको, मुलगी आणि बैल घेऊन ऊसतोडीला प्रवरेच्या पट्ट्यात यायचा, तो चैत्र उलटल्यावर परत. मुलगी मंदा तिसरीत होती. म्हणजे दर वर्षी तिसरीत होती. दिवाळीनंतर शाळेतून तिचं नाव कमी व्हायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच सुरुवात.

देवळाली प्रवरेच्या एका बागायतदाराने मिलिटरीच्या लिलावात जीप घेतली होती. किसनचा स्वभाव त्याला माहीत होता. तो किसनला म्हणाला, "दिवाळीच्या आत लायसन आण. बारा महिने ड्रायव्हर म्हणून ठेवतो, राहायला खोली देतो. पोरगी इथल्याच शाळेत घाल. दिवाळीनंतर मात्र मी थांबणार नाही, दुसरा बघेन."

किसनने मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं. "मास्तर, औंदा तिला चौथीत बसवायची हाय. तेवढं बघा."

आता खरं सांगतो, मला त्याचा संशय आला. गाडी शिकायला येणारा माणूस मला इतकं खरं बोलत नाही!

संशय बळावला तो तिसऱ्या दिवशी. स्टीअरिंग त्याने चटकन उचललं होतं. हात हलका, नजर लांब. पण स्टेशन रोडला रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन चालली होती. किसनने तिच्याजवळ गाडी थांबवली आणि खिडकीतून म्हणाला, "बस की, माय. कुठवर जायाचं?"

बाई बसली. पुढे एक म्हातारा बसला. त्याच्या पुढे दोन शाळामास्तर बसले. माळीवाड्यात येईपर्यंत आमच्या शिकाऊ गाडीत सहा माणसं आणि एक कोंबडी होती.

मी विचार केला, हा पठ्ठ्या आमच्या गाडीतून सवाऱ्या वाहतोय! दुसऱ्या दिवशी मी उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे डोळ्यात तेल घालून पाहिलं. कुणी त्याला काही देईना. एका म्हाताऱ्याने तेवढी पाठीवर थाप दिली.

शेवटी मी विचारलंच, "किसनभाऊ, ही माणसं तुमच्या ओळखीची का?"

"न्हाई."

"मग थांबता कशाला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तर, आपून बसून चाललोय आन् मानूस पायी चाललाय. गाडीवान असून त्याला मागं टाकून कसं जायाचं? आमच्याकडं असं कुनी केलं तर त्याच्या घरी लोक पानी प्यायाचे न्हाईत!"

मी ही गोष्ट सुभेदारांना सांगितली. ते बराच वेळ मिशी ओढत बसले. म्हणाले, "असा माणूस शहरात सोडणं धोक्याचं आहे."

* * *

गाडीवानांची आणखी एक रीत होती. समोरासमोर दोन गाड्या आल्या आणि रस्ता अरुंद असला, तर रिकाम्या गाडीने बाजूला व्हायचं आणि भरलेलीला वाट द्यायची. किसनला ही रीत सरकारी कायद्याहून पक्की.

भिंगारच्या वाटेवर एक अरुंद पूल होता. एकदा आम्ही त्यावर अर्ध्यात गेलो आणि समोरून मिलिटरीचा ट्रक आला. मागच्या सीटवर सुभेदार होते. त्यांचा फौजी जीव कासावीस झाला. "किसन, मागे घे! मागे घे!"

किसन म्हणाला, "आपली गाडी भरल्याली हाय सायेब, तीन मानसं हायेत. त्याची रिकामी हाय. त्यानं मागं घ्यावी."

"रिकामी आहे कशावरून?"

"आवाजावरनं. रिकामा हौदा लई खडखड करतो."

आणि कुणी काही म्हणायच्या आत तो खाली उतरला, ट्रकच्या मागे गेला, ताडपत्री वर करून आत डोकावला आणि पुलावरूनच ओरडला, "रिकामीच हाय! म्हनलं न्हवतं मी?"

बांगलादेशची लढाई संपून सहा-आठ महिने झाले होते, पण संशय अजून चालूच होता. पाच मिनिटांत आम्ही तिघे मिलिटरीच्या चौकीत. एक हवालदार साताऱ्याकडचा, मराठी बोलणारा निघाला, त्याच्यापुढे किसनला उभं केलं.

"ट्रकमध्ये काय बघितलंस?"

"काय न्हाई, सायेब."

"खरं सांग!"

"काय न्हाई म्हंजी कायच न्हाई. रिकामा हुता."

"रिकामा आहे हे तुला आधीच माहीत होतं, असं ड्रायव्हर सांगतो. कुणी सांगितलं?"

"ट्रकनंच सांगितलं."

हवालदाराने आमच्याकडे पाहिलं. सुभेदारांनी मान खाली घातली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. तेवढ्यात बाहेरून एक ट्रक गेला. हवालदार म्हणाला, "हा सांग, भरलेला का रिकामा?"

किसनने कान दिला. "अर्धा. वझं डाव्या अंगाला जास्त हाय. त्यास्नी सांगा, वळनावर कलंडंल."

हवालदाराने माणूस पळवून ट्रक थांबवला. डाव्या बाजूला सिमेंटची पोती, उजवी बाजू मोकळी! त्याने आम्हाला चहा पाजून सोडलं. पण किसनचं नाव, गाव, बापाचं नाव मात्र नीट लिहून घेतलं. इतकं कळणारा माणूस साधा नसणार, असं त्याचं मत पडलं.

* * *

लायसनची टेस्ट घ्यायला एक इन्स्पेक्टर यायचे. उंच, वाळलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. शिकाऊ माणूस गाडी चालवतो तेव्हा स्कूलचा मास्तर चोरून डाव्या पायाने क्लच दाबतो, हे त्यांनी कधीतरी पकडलं होतं. तेव्हापासून ते स्वतः डाव्या सीटवर बसायचे आणि मला मागे बसवायचे. तरीही मधूनच वळून माझे पाय कुठे आहेत ते बघायचे.

किसनच्या पहिल्या टेस्टला व्हायचं तेच झालं. स्टेशन रोडला एक बाई चालली होती. मी मागून खोकलो, खाकरलो. किसनने हात दाखवला, गाडी सुंदर थांबवली आणि म्हणाला, "बस की, माय."

बाई माझ्या शेजारी येऊन बसली.

इन्स्पेक्टर हळूच वळले. त्यांनी बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, ही बाई तुम्ही पेरली का?"

"नाही हो साहेब!"

"मला कशात गुंतवायचा डाव आहे?" असं म्हणून ते उतरले आणि फॉर्मवर नापास लिहून मोकळे झाले. बाई म्हणाली, "मला माळीवाड्यात सोडता न्हवं?"

दुसऱ्या टेस्टच्या आधी मी किसनला बजावलं, "काही झालं तरी माणूस घ्यायचा नाही." त्याने खरंच घेतला नाही. पण तो बाजारचा दिवस होता आणि समोरून चढावर कडब्याने भरलेल्या बैलगाड्या येत होत्या. किसनने आमची गाडी कडेला घेतली. एक गाडी गेली, दुसरी गेली. अठरा गाड्या गेल्या. प्रत्येक गाडीवानाने किसनला रामराम केला, किसनने प्रत्येकाला केला.

इन्स्पेक्टरने विचारलं, "हे सगळे तुझे साथीदार काय?"

"न्हाई, सायेब. चढाला बैल थांबला की पुन्यांदा उठत न्हाई. आपल्याला काय, इंजिन हाय."

फॉर्मवर शेरा पडला, "उमेदवार गाडी चालवत नाही, थांबवतो. नापास."

* * *

दिवाळीला आठ दिवस उरले. शेवगावहून निरोप आला होता की टोळीची बांधाबांध सुरू झाली. तिसरी टेस्ट हुकली की संपलं.

सुभेदारांनी किसनला स्वतःच्या ताब्यात घेतलं. रोज सकाळी माळीवाड्यात उभं करून शिकवलं. "ती बाई बघ. दमलेली दिसते ना? सोंग आहे! तो म्हातारा लंगडतोय? तुला फसवायला! कुणाकडे बघायचं नाही. कुणासाठी थांबायचं नाही. डोळ्यासमोर फक्त मंदाची शाळा आण." किसन मान हलवायचा. रोज त्याचा चेहरा जास्त जास्त उतरत होता. मला ते बघवत नव्हतं, पण बोलणार कोण?

टेस्टच्या दिवशी सुभेदारांनी त्याचा फेटा उतरवला, त्याला स्वतःचा खाकी शर्ट चढवला आणि केस कापून घ्यायला लावले. "ड्रायव्हर दिसला पाहिजे," म्हणाले.

इन्स्पेक्टर बसले. गाडी निघाली. काय सांगू, अशी गाडी आमच्या स्कूलच्या कुठल्या विद्यार्थ्याने चालवली नव्हती! सिग्नल वेळेवर, हॉर्न वेळेवर. स्टेशन रोडला तीन बाया डोक्यावर ओझी घेऊन चालल्या होत्या. किसन त्यांच्या शेजारून सरळ पुढे गेला. एक म्हातारा हात करत होता. किसनने मान वळवली नाही. आरशात मला त्याचे डोळे दिसले. ते भरले होते.

केडगावच्या पलीकडे इन्स्पेक्टर म्हणाले, "थांब."

किसन थांबला. मी मनात म्हटलं, झालं, पास!

इन्स्पेक्टरने फाईल उघडली. फॉर्मवरचा फोटो पाहिला. फोटोत फेटा आणि खांद्यापर्यंत आलेले केस. मग चष्मा काढून समोरच्या माणसाला पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

"मास्तर, हा माणूस कोण?"

"किसन, साहेब. दोनदा तुम्हीच—"

"तो माणूस मला चांगला आठवतो. तो दहा पावलं न थांबता जाऊ शकत नाही. हा साडेतीन मैल आला! तुम्ही त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर आणून बसवला."

"साहेब, शपथ घेतो!"

"तुमच्या स्कूलवरच रिपोर्ट करतो." ते उतरले, फाईल काखेत मारली आणि नगरच्या दिशेने चालू लागले. तोतयाच्या गाडीत बसणार नाही म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. दुपारचे बारा वाजले होते. ऑक्टोबरचं ऊन, झाड नाही, नगर साडेतीन मैल. किसनने गाडी वळवली आणि हळूहळू इन्स्पेक्टरच्या मागून नेली.

बरोबरीला आल्यावर त्याने डावीकडे वाकून दार उघडलं. "सायेब, उनाचं कुठवर चालशाल? या आत."

इन्स्पेक्टर चालतच राहिले. गाडी त्यांच्याबरोबर चालत राहिली, दार उघडंच. अर्धा फर्लांग झाल्यावर ते थांबले.

"मी तुझं लायसन अडवणार आहे, कळतंय ना तुला?"

"व्हय."

"आणि वर रिपोर्ट करणार आहे."

"व्हय, सायेब."

"मग मला बसवतोस कशाला?"

किसनला प्रश्नच समजला नाही. "तुमी पायी हाय न्हवं," तो म्हणाला.

इन्स्पेक्टर उन्हात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मग फाईलमधला फोटो पुन्हा एकदा पाहिला, आत येऊन बसले आणि दार लावलं. गाडी निघाली. मग त्यांनी फाईल मांडीवर उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्म शोधायला लागले.

किसनने ते पाहिलं. त्याने खिडकीतून हात काढला आणि गाडी कडेला घ्यायला लागला. "थांबवतो, सायेब. चालत्या गाडीत सही वाकडी व्हईल."

"खबरदार थांबवलीस तर!" इन्स्पेक्टर ओरडले. "चालव!"